पळीबाईंनी काढलेलं उट्टं

माझ्या नणंदेला गल्लीत सगळे पळीबाई म्हणतात. हातात पळी नसली तर तिला बोलणं सुचत नाही. तिचा नवरा गेला तेव्हापासून माझ्या मुलाच्या खाणावळीत शेगडी तिचीच. कांद्याचं सूप असं करते, की तणतणत आलेलं गिऱ्हाईक वाडगा संपेस्तोवर गप्प.

एक दिवस कुणीतरी मोबाईलवर इंग्रजीत अभिप्राय लिहिला. नातीनं वाचला, "सूप डीसेंट. साधी, घरगुती चव. खास काही नाही. तीन तारे."

"म्हणजे वाईट?" पळीबाईंनी विचारलं.

"वाईट नाही, आत्याआजी. बरं आहे. पण असं 'बरं' वाचलं की लोक दुसरीकडे जातात."

"मग थू म्हणायचं होतं मेल्यानं. दोन हात तरी केले असते. हे केसानं गळा कापणं झालं."

आणि खरंच, गिऱ्हाईक रोडावलं. मुलगा म्हणाला, "आत्या, तू आता आराम कर. मी नवा आचारी बघतो." तिनं पळी खाली ठेवली. शेगडी सुटली तर ही महिनाभरही टिकायची नाही, हे मला दिसत होतं.

अभिप्रायाखाली नाव होतं चौकातल्या फोटोवाल्याचं. पळीबाई ठेवणीतली साडी नेसून त्याच्याकडे फोटो काढून आल्या. घरी येऊन नातीला म्हणाल्या, "लिही. फोटो डीसेंट. माणूस सभ्य. खास काही नाही. तीन तारे."

"अगं, फोटो तर झकास आलाय."

"आणि सूप काय जळलं होतं?"

मग गल्लीतल्या बायकाही एकेक करून फोटो काढून आल्या. सगळ्यांचे फोटो डीसेंट.

शेवटी फोटोवाला खाणावळीत आला. "मावशी, कुणी फिरकेना हो. मी वाईट तर लिहिलं नव्हतं."

"मी तरी कुठं लिहिलंय?" तिनं सूप पुढं ठेवलं. त्यानं वाडगा ब्रेडनं पुसून खाल्ला. पळी त्याच्या कानाशी आली. "आता लिही."

एक्सलंट. पाच तारे. नातीनं ते बापाला दोनदा वाचून दाखवलं. नव्या आचाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

"आता तुमचं ते 'डीसेंट' काढून टाका ना, मावशी," फोटोवाला म्हणाला.

"बघू."

अजून बघतेच आहे. तो फोटो तिनं शेगडीच्या वर टांगलाय आणि रोज पुसते.