मंजूर, मंजूर आणि काकू

अख्ख्या ठाकुर्लीत कुठल्याही गोष्टीवर डोळे मिटून विश्वास न ठेवणारं एकच माणूस असेल, तर ते म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या काकू. एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात उभा जन्म काढून त्या निवृत्त झाल्या. आता तरी जरा निवांत बसतील असं वाटत असतानाच त्यांनी अकाउंटिंग-फायनान्सच्या मास्टर्सला नाव नोंदवलं. तेही साधं नाही, संशोधनाचं. म्हणजे लेक्चरं थोडी आणि प्रबंध मोठा. तेव्हापासून त्यांच्याशी साधं बोलणंही अवघड झालं. भाजीवाला म्हणाला, मेथी आजचीच आहे, की काकू विचारणार, कशावरून? मी एकदा म्हणालो की आपल्याकडे पाणी नेहमी उशिराच येतं, तर म्हणाल्या, "हे तुझं मत झालं रे. निष्कर्ष नव्हे." त्यांचे गाईड त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांचा फोन आला की काकू उभ्या राहून बोलतात, आणि फोन ठेवला की सरांचं कुठे चुकतं ते आम्हाला समजावून सांगतात.

प्रबंधाचा विषय त्यांनी घरचाच निवडला: सोसायटीचे सभासद वार्षिक हिशेब मंजूर करण्याआधी वाचतात का? आमच्याकडची रीत अशी की वार्षिक सभेत सेक्रेटरींनी 'हिशेब' एवढं म्हणायचा अवकाश, मागून "मंजूर, मंजूर" येतं आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळतात. काकू घरोघरी मुलाखती घेत फिरल्या आणि नेमकी इथे आमच्या लोकांची माया आडवी आली. काकूंना चांगले मार्क पडावेत म्हणून सेक्रेटरींनी सगळ्यांना पढवून ठेवलं, आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर मिळालं, की आम्ही हिशेब ओळ न् ओळ वाचतो. मी तेव्हा कामासाठी नाशिकला होतो. परत आलो तेव्हा प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती आणि मुलाखत फक्त माझी राहिली होती. मी सरळ सांगून टाकलं, "काकू, मी आजवर एक पान उलटलेलं नाही. कुणीच उलटत नाही."

काकूंनी मुलाखतींची वही मिटली. मग त्यांनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं. त्या गृहस्थांनी सगळं कबूल केलं आणि वर म्हणाले, "आता आहे तेच देऊन टाका ना काकू. कोण बघायला येतंय?"

"मी बघितलंय ना," काकू म्हणाल्या.

त्या सगळ्या मुलाखती त्यांनी रद्द केल्या, मुदत वाढवून घेतली आणि बाळकुमच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये, जिथे त्यांना वॉचमनसुद्धा ओळखत नव्हता, पहिल्यापासून सुरुवात केली. तिथल्या लोकांनी बेधडक खरं सांगितलं. काकू झोकात पास झाल्या आणि सोसायटीत सगळ्यांच्या हातावर त्यांनी स्वतः पेढे ठेवले, सेक्रेटरींच्या हातावर तर दोन. माझ्यापाशी मात्र हळूच म्हणाल्या, "परक्यांनी खरं सांगितलं रे. आपल्या माणसांनी नुसती माया केली."

आता त्या पीएचडीच्या मागे लागल्या आहेत. खांद्याला पिशवी लावून सकाळीच बाळकुमला निघतात. संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात, मनापासून हसतात, पण आमच्यापैकी कुणालाच आता काही विचारत नाहीत. मला ते फार लागतं.