दूध गार करायची टाकी

राजारामपुरीतल्या आमच्या गुंतवणूक सल्ल्याच्या ऑफिसात एक गुंतवणूकदार दर सोमवारी दहाला पाच कमी असताना हिशेब बघायला येतात. मी बसा म्हटल्याशिवाय बसत नाहीत. हातात कागद दिला की कितीही घाई असली तरी कडेला कड जुळवूनच घडी घालतात. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण सीमेवरची एकही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितलेली नाही.

गेल्या सोमवारी म्हणाले, आमच्याकडं ठेवलेली निवृत्तीची सगळी रक्कम काढायची आणि राधानगरीकडच्या त्यांच्या गावात दूध गार करायची टाकी बसवायची. पावसात टेम्पो अडकला की अख्ख्या गावाचं दूध नासतं.

मी धोक्यांची यादीच लिहून समोर ठेवली. वीज जाईल, टाकी बिघडेल, पैसे बुडतील.

"देशसेवा झाली की तुमची," मी म्हटलं. "आता जरा स्वतःचं बघा."

"वीस वर्षं पहारा दिला मॅडम. कुणाचं भलं झालं, डोळ्यानं कधी दिसलं न्हाय. हितं बाया रोज सकाळी किटली घिऊन दारात दिसतील की."

"आणि बुडालं तर?"

त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि हसले.

"तिकडं जीव पणाला लावला, तवा असली यादी घिऊन कोण आलं न्हवतं."

जोखीम हा शब्द मी दिवसातून दहा वेळा वापरते. त्यांच्यासमोर तो पुन्हा उच्चारायला मी धजावले नाही. पैसे काढायचा अर्ज भरायला घेतला.