तिसऱ्या चढाईला पाठवलेली

मी डाव्या कव्हरला खेळायचे. कबड्डी न पाहिलेल्यांसाठी सांगते. समोरच्या संघातली मुलगी चढाई करत आपल्या अंगणात येते, कोपऱ्यातली आपली मुलगी तिचा घोटा धरते, आणि त्याच क्षणी कव्हर सगळं अंग घेऊन तिच्यावर जाते आणि तिचा परतीचा रस्ता बंद करते. घोटा धरणारीला टाळ्या मिळतात. चढाई करणारीचं नाव पेपरात येतं. कव्हरला कोपर, टाच, डोकं, जे येईल ते अंगावर मिळतं. आमचे प्रशिक्षक सर पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची भिंत." आमच्या भागात भिंत हा शब्द कौतुकाने कसा वापरता येतो, हे मला कधीच कळलं नाही. मी तान्ही असताना लातूरच्या भूकंपात आजोबांवर भिंतच पडली होती. आई मला घेऊन अंगणात झोपली होती म्हणून आम्ही दोघी उरलो.

मला आठवतं ते पुनर्वसनातलं नवं गाव. रुंद सरळ रस्ते, लांब लांब घरं, मधे नुसते रिकामे प्लॉट. मोठी माणसं छताखाली बसायला राजी नसायची. संध्याकाळ झाली की अख्खं गाव बाहेर. त्यामुळे मुली मैदानात काय करतात याची चौकशी कोणी केली नाही. पोरं मोकळ्यावर आहेत ना, एवढंच पाहिलं जायचं. मी कबड्डी शिकले ती या भीतीच्या आडोशाने.

पप्पा लातूरजवळच्या मुरुडला शिक्षक होते, भूकंपाच्या रात्रीही तिथेच होते. त्यांनी मला लातूरला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी वर्गात सगळ्यांहून वीतभर उंच, रुंद खांद्यांची, आणि तोंड न उघडणारी. बाई प्रश्न विचारायच्या, मला उत्तर यायचं, आणि मी बसून राहायचे. कव्हरची जागा मला आवडली ती यासाठीच. चढाई करणारीला निदान 'कबड्डी कबड्डी' म्हणावं लागतं. कव्हरला तेही नाही.

बारावीनंतर पप्पांच्या मनात मेडिकल होतं. लातुरात सगळ्यांच्याच मनात तेच होतं. गल्लीगल्लीत क्लास, प्रत्येक घराच्या वर दोन मजले चढवून मुलींच्या खोल्या, सकाळी सगळीकडे मेसच्या डब्यांचा खडखडाट. अशाच एका मोठ्या क्लासच्या मालकाला महिला कबड्डी संघ काढायची कल्पना सुचली. छातीवर क्लासचं नाव, पाठीवर क्लासचा फोन नंबर. महिन्याला मानधन, राहायला खोली, जेवायला मेस. मी मेडिकल सोडून त्या संघात गेले. आम्ही शिरूर अनंतपाळपासून नांदेडपर्यंत निमंत्रित स्पर्धा खेळत फिरायचो. लोक आम्हाला 'क्लासच्या पोरी' म्हणायचे. त्या क्लासच्या एकाही खोलीत आम्हाला कधी कोणी बसू दिलं नव्हतं. सराव झाला की मागच्या दाराने वर जायचं, कारण पुढच्या दारात पालक प्रवेशासाठी थांबलेले असायचे आणि आमचे पाय मातीचे असायचे.

आमची मुख्य चढाईपटू नांदेडची होती. किरकोळ, वाऱ्यासारखी, तोंडाने फटकळ. तिच्याबद्दल मला तक्रार नाही. पण मालकांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यावर तिचा फोटो आणि खाली 'भूकंपातून उभी राहिलेली वाघीण'. ती फ्लेक्सखाली उभी राहून पोट धरून हसली.

"अगं बये, भूकंप झाला तेव्हा मी जन्मले पण न्हवते! आणि आमच्याकडं म्हणे नुसती मांडणीतली भांडी वाजली होती."

"मग सांग ना मालकांना," मी म्हणाले.

"तू सांग. तुला इंग्लिश येतं."

त्या फोटोत तिच्या खांद्यावर एक हात होता. कोपरापासून कापलेला. तो माझा होता. मी मनगटावरच्या पट्टीवरून ओळखला. खोलीवर जाऊन बादलीभर कपडे धुतले, इतके आपटून की शेजारच्या खोलीतली अभ्यास करणारी मुलगी विचारायला आली.

माझं इंग्रजी त्यांनी एकदाच वापरलं. बाहेरून कोणी मोठे पाहुणे आले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. सरांनी मला हाताला धरून मंचावर ओढलं. मला वाटलं, निदान दोन वाक्यं कव्हरबद्दल बोलेन. माईक हातात देऊन मालक कानात म्हणाले, "वाघिणीची माहिती सांग. भूकंपाचं विसरू नको." मी सांगितली. अडखळत सगळी सांगितली. माझ्याच आजोबांवर पडलेली भिंत मी तिच्या नावावर करून आले. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मला डोळा मारत होती आणि मला तो माईक कोणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता.

गुडघा गेला किनवटला. मे महिन्यातलं मैदान, पाणी मारलेलं नाही, खाली वीट असल्यासारखी जमीन. चढाई करणारीच्या अंगावर मी गेले, मागून आमचीच मुलगी माझ्यावर पडली, आणि गुडघ्यात काहीतरी ओल्या फांदीसारखं वळलं. लातूरच्या डॉक्टरांनी पाय इकडेतिकडे फिरवून पाहिला. म्हणाले, "आत्ता विश्रांती घेतलीस तर वाचेल. असाच अजून एकदा पिळला तर ऑपरेशन, आणि मग खेळ विसर." हे मी सरांना सांगितलं. ते पानाच्या टपरीजवळ उभे होते.

"डॉक्टर लोक असंच बोलून राहतात," ते म्हणाले. "कव्हरला गुडघा कशाला लागतो? कव्हरला छाती लागते." आणि टपरीवाल्याकडे बघून हसले.

मला गुडघा हवा होता तो एका गोष्टीसाठी. पावसाळ्यानंतर एका सरकारी खात्याच्या महिला संघाची निवड चाचणी होती. संघात घेतलं की कायमची नोकरी. पप्पांनी मेडिकलवरून धरलेला अबोला तेवढ्याने सुटला असता. मला कोणाच्या मागच्या दाराने जावं लागलं नसतं. चाचणीपर्यंत दोन धड पाय एवढंच मला पाहिजे होतं, आणि सरांना ते ठाऊक होतं. चाचणीचा अर्ज त्यांच्याच सहीने गेला होता.

मधे मुरुडची स्पर्धा होती. आता आमच्या संघाची एक रीत सांगायला हवी. खेळाचा नियम असा की सलग दोन चढाया गुणाविना गेल्या, की तिसरी चढाई करणारीने गुण आणलाच पाहिजे. रिकाम्या हाताने परतली तरी ती बाद. म्हणून अवघड वेळेला सर तिसऱ्या चढाईला वाघिणीला पाठवत नसत. तिला जपून ठेवायचं, आणि कव्हरला बाद व्हायला पाठवायचं. मुली याला बकरा म्हणायच्या. "आज बकरा कोण ग?" असं पट्ट्या बांधताना विचारायच्या आणि सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मीही हसायचे. सरांचं मात्र नुसतं बाद होऊन भागायचं नाही. बकऱ्याने आत घुसायचं, समोरच्या चौघी अंगावर घ्यायच्या, धडपडायचं, त्यांचा दम काढायचा. मग पुढच्या चढाईला वाघीण ताजी आणि त्या दमलेल्या.

अंतिम सामना होता. ऊन उतरलं होतं, मैदानाभोवती ट्रॉल्या लावून त्यावर माणसं बसली होती. पप्पांच्या शाळेतले काही शिक्षक पुढच्या खुर्च्यांवर होते. पप्पा नव्हते. गुण जवळपास बरोबरीत. आमच्या दोन चढाया फुकट गेल्या. सरांनी रेषेबाहेरून माझ्याकडे बोट केलं.

मी गुडघ्याकडे हात केला.

"जा!" ते ओरडले. "घूस आत! चौघी घे अंगावर!"

कोपऱ्यातली आमची मुलगी किनवटच्या वसतिगृहात वाढलेली, माझी रोजची जोडीदार. तिने माझा हात सोडता सोडता हळूच म्हटलं, "नको जाऊ ग खोल. न्हाई तर संपशील."

मी मध्यरेषा ओलांडली. कबड्डी, कबड्डी. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. समोरच्या सातजणी मागे सरकल्या आणि हात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डाव्या बाजूला एक कव्हर होती, माझ्याएवढीच, ओठावर टाके पडल्याची खूण. ती माझ्या बांधलेल्या गुडघ्याकडे बघत होती. मीही तिच्या जागी तिथेच बघितलं असतं. आम्हाला तेच शिकवलेलं असतं.

मी बाद होणारच होते. आत गेले तरी, नाही गेले तरी. मला फक्त कसं बाद व्हायचं हे ठरवायचं होतं, आणि ते आजवर कधी मी ठरवलं नव्हतं. चढाई धरली जायला ओलांडावीच लागते ती अडथळ्याची रेषा मी ओलांडली, एक पाय टेकवला, आणि वळले. श्वास सोडला नाही. कोणी शिवलं नाही. चालत परत आले. पंचांनी शिट्टी वाजवून मला बाद दिलं आणि मी आपल्या पायांनी बाहेर जाऊन बसले.

ट्रॉलीवरून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, देवळात जाऊन आलात काय?" हशा पिकला. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मारतात की काय असं वाटलं. "भेकड," ते म्हणाले. "खाल्लेल्या भाकरीला जागली न्हाईस." मी मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं, कारण त्यांनीच नजर काढून घेतली.

सामना आम्ही जिंकलो. पुढच्याच चढाईला वाघिणीने दोन गुण आणले. म्हणजे माझे हाल न होताही ते येत होते. एवढी वर्षं कितीदा कोणाकोणाच्या अंगाखाली चेंगरून निघाले, ते कशासाठी होतं, हे विचारायला मी बसमध्ये उठले आणि शब्द सुचेना म्हणून खाली बसले. वाघीण माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मला न्हाई माहीत होतं गुडघ्याचं एवढं."

"पट्टी दिसत नव्हती?"

"पट्टी तर सगळ्याच बांधून राहिल्यात ग."

तिच्यावर मी चिडू शकले नाही, आणि याचीही मला चीड आली.

निवड चाचणीला मी दोन धड पायांनी गेले. आई बरोबर होती. नांदेडच्या मैदानावर मी सकाळभर चांगली खेळले, हे मी माझं मला सांगू शकते. ओळख नसलेल्या कोपऱ्यातल्या मुलींबरोबरही माझ्या पकडी बसल्या. दुपारी निवड करणाऱ्यांपैकी एकांनी मला बोलावलं. हातात चहाचा कप होता.

"मुरुडला अर्ध्यातनं परत आलेली ती तूच का?"

"हो."

"तुमच्या सरांनी सांगितलं आम्हाला. खेळ हाय तुझ्यात. पण संघाला जीव देणारी पोर लागते, बाई."

यावेळी शब्द आले. मी म्हणाले, "सर, जीव तुम्हाला एकदाच देता येतो. मग दुसरी शोधता. मी शाबूत आहे, मला दहा वर्षं वापरता आलं असतं." त्यांनी कप खाली ठेवला आणि यादीतल्या पुढच्या मुलीला हाक मारली. मागे आई उभी होती. तिने माझी पिशवी उचलली.

त्याच चाचणीतून वाघिणीला नोकरी लागली. तिला लागायलाच हवी होती. क्लासने माझ्या जागी निलंग्याकडची एक मुलगी आणली, माझ्याहून धिप्पाड, अजून शाळेतल्यासारखा चेहरा. मी खोली रिकामी करत असताना ती आली आणि माझा पलंग कुठला ते विचारू लागली. मी तिला दारात बसवलं. तिसरी चढाई म्हणजे काय, सर बोट कसं करतात, आत किती जायचं आणि कुठे वळायचं, सगळं सांगितलं. फरशीवर खडूने रेषा काढून दाखवली. तिने दोनदा पाऊल टाकून वळून पाहिलं. तिचं वळणं चुकलं तेव्हा मी ओरडले, आणि ती दचकली. मला ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा.

"पण सर रागावतील ना, ताई?" तिने विचारलं.

"रागावतील," मी म्हणाले. "परत कर."