दिगूदादाचा वाटा

दिगूदादाचं नाव पुसायला एक कमांड पुरली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

देवबागचा दिगूदादा. सकाळी गाववाल्यांबरोबर किनाऱ्यावर रापणीच्या मोठ्या जाळ्याचा दोर ओढायचा, दुपारी लॅपटॉप उघडायचा. होमस्टे आणि बोटींच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर आम्ही तिघे करायचो. तो, त्याचा मुंबईचा भागीदार आणि पगारावर मी.

मी बारावी अर्धवट सोडलेला. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची वही, त्यानेच शिकवलं. आपला बदल सर्व्हरवर पाठवायचा तो पुश, इतरांचे बदल आपल्याकडे आणायचे तो पुल. प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव राहतं.

"आधी पुल कर रे. दुसऱ्यान काय केल्यान ता बघितल्याशिवाय आपला ढकलू नको."

मी घाबरट. पुश करण्याआधी प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा तपासायचो.

"पुश करतंस काय सत्यनारायण घालतंस रे?"

गेल्या आठवड्यात सवयीने पुल केलं. होईना. दोन्हीकडचा इतिहास जुळत नाही, म्हणे.

सर्व्हरवर एकच नोंद उरली होती. सगळा कोड, भागीदाराच्या नावावर. जुना इतिहास काढून त्याने फोर्स पुश मारला होता.

फोन केला.

"अरे, एक कंपनी आपलं सॉफ्टवेअर विकत घेतेय. हिस्टरी क्लीन हवी."

"आणि दादामागे वहिनीचा हिस्सा?"

"कोडमध्ये त्याचं नाव कुठे आहे ते दाखव. मग बोलू."

दादा गेला तेव्हा श्रद्धांजलीची पोस्ट याच माणसाने सगळ्यात आधी टाकली होती. फुलांच्या फोटोसकट.

तेव्हा मासेमारीचा हंगाम अर्धा उरला होता. रापणवाल्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत मासळीतला दादाचा वाटा घरी पोचवला. वहिनी नको म्हणाली, तर रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, तिच्यावरच ओरडला.

"त्येना दोर ओढलेलो आसा गो! टोपली घे आत."

त्या तांडेलाला गिट माहीत नाही.

भागीदाराला माहीत आहे, तरी एक गोष्ट विसरला. सर्व्हरवरचं पुसलं तरी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास राहतो. माझ्याही आहे. त्यात दादाचा पहिला बदल, त्याच्याच शब्दांत: "भरतीची वेळ बघून बोट बुक करणे."

आज सकाळी वहिनीच्या नावाने कोडचं नवं कोठार, नवी रिपॉझिटरी उघडली. सगळा इतिहास तिथे पुश केला. विकत घेणाऱ्या कंपनीला लिंकही पाठवली.

माझं काम बहुतेक उद्या जाईल.

जाऊ दे.

दादा, या वेळी सत्यनारायण घातला नाही. एकदाच बघितलं आणि ढकललं.

फुलं आज वाहणार नाही. तुझा वाटा वहिनीच्या दारात पोचला की वाहीन.