सांध्यावरची दहा पावलं

त्या मुकादमाची एक खोड होती. कुणी पिऊन आलाय असा संशय आला, की कामाला हात लावू देण्याआधी तो त्याला लाद्यांच्या सांध्यावरून चालायला लावायचा. टाचेला चवडा जोडून, सरळ रेषेत, दहा पावलं. पाऊल सांध्याबाहेर पडलं की माणूस फाटकाबाहेर. बाकीचे हातातलं काम टाकून बघायला उभे राहायचे, फुकटचा तमाशा कुणाला नको असतो.

गुण्याबाईचे वडील तिसऱ्याच पावलाला सांध्याबाहेर गेले होते. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि त्यांचा डबा घेऊन आली होती, म्हणून तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. "मी थेंबसुद्धा घेतलेला नाही," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण त्यांची जीभच जड झालेली. प्रत्येक वेळी माणसं जास्तच हसली.

त्या दिवसापासून ते दारुडे ठरले, बाहेर आणि घरातही. आई रोज संध्याकाळी त्यांचं तोंड हुंगायची. दारूचा वास कधी आला नाही, यायचा तो पेपरमिंटचा, आणि त्यामुळेच तिची खात्री पटली. न पिणाऱ्या माणसाला तोंडाचा वास लपवायची गरज काय, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षं तिनं कपाटं उलथीपालथी केली, बाटली एकही सापडली नाही. त्यावरून तिनं एवढंच ठरवलं, की नवरा भलताच पक्का आहे. शेवटी ते अंथरुणाला खिळले आणि तसेच गेले.

पण घरी बसलेल्या त्या वर्षांत त्यांनी लेकीला लादी बसवायला शिकवलं. दोरी कशी ताणायची, थापीनं माल कसा पसरायचा, रबरी हातोडीचे ठोके कुठे द्यायचे. काटकोन तपासायच्या लोखंडी गुण्यावरून तिला नाव पडलं, कारण तिला तिरकं काही खपायचं नाही, लादी नाही आणि बोलणंही नाही.

आता ती त्रेचाळीसची झाली होती आणि दोन वर्षांपासून दारांच्या चौकटी तिला आडव्या येत होत्या. जिना उतरताना कठडा सुटेना. बोलताना शब्द एकमेकांवर चढायचे. नव्या वाचनालयाचा मोठा हॉल तिच्याकडे होता, मधोमध काळ्या-पांढऱ्या लाद्यांची गोल नक्षी, अर्धी बसवून झालेली, आयुष्यात एकदाच मिळतं तसलं काम. एका सकाळी ती फाटकातून झोकांड्या खात आत आली आणि समोर तोच मुकादम उभा, आता म्हातारा, खोड मात्र जशीच्या तशी. त्यानं नाक पुढे केलं.

"पेपरमिंट," तो म्हणाला. "बापाची लेक. चल, सांध्यावर उभी राहा."

"मी चालणार नाही."

"मग हॉल विसर."

"डॉक्टरांचा कागद आणते. तोवर माझ्या नक्षीला कुणी बोट लावायचं नाही."

त्यानं तिला तीन आठवडे दिले. दया आली म्हणून नाही, त्या गोल नक्षीला हात घालायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती म्हणून.

दवाखान्यात आईही बरोबर आली. मेंदूविकाराची डॉक्टरीण वयानं लहान होती. तिनं गुण्याबाईला नाकाला आणि मग समोर धरलेल्या पेनाला बोट लावायला सांगितलं. बोट पेनापाशी जाऊन थरथरायला लागलं. मग डॉक्टरीण म्हणाली, "आता या रेषेवरून चालून दाखवा. टाचेला चवडा जोडून."

गुण्याबाईचं डोकंच सणकलं. "तुम्हीपण? मी पीत नाही. माझे वडीलपण पीत नव्हते. चालायचं नाही म्हणजे नाही."

"तुम्ही प्यायलाय असं कोण म्हणालं?" डॉक्टरीण गोंधळली. मग तिनं पेन खाली ठेवलं. "वडीलही असेच चालायचे?"

उत्तर आईनं दिलं. "असेच. पण ते प्यायचे हो."

"तुम्ही पिताना पाहिलंत?"

"पेपरमिंटचा वास यायचा," आई म्हणाली.

गुण्याबाईनं खिशात हात घालून मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या टेबलावर ओतल्या. "सिमेंटच्या धुळीनं घसा सुकतो, आई. लादीवाला प्रत्येक माणूस चघळतो, काम सुटलं तरी सवय सुटत नाही. तू कधी विचारलंच नाहीस."

डॉक्टरिणीनं रक्त तपासायला पाठवलं, अहवाल तिसऱ्या आठवड्यात आला. डॉक्टरिणीनं नीट समजावलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, चालणं, बोलणं, हात नेमका पोचणं, सगळ्याचा मेळ तो घालतो. त्याच्या पेशी हळूहळू झिजत होत्या. दोष जन्मापासूनचा, वडिलांकडून आलेला. ज्याला तो असतो, त्याच्या प्रत्येक मुलामागे निम्मी शक्यता. बरं करणारं औषध आज नाही, पण व्यायामानं तोल जास्त काळ टिकवता येतो, बोलण्याचाही सराव करता येतो.

"आणि काम?"

"उंचावर चढू नका. फिरत्या पात्याला हात लावू नका. बाकी जमतंय तोवर करा."

थोरल्या भावानं हे ऐकून दार लावून घेतलं. "कुठे बोलू नकोस. तुझ्या पोरीचं लग्न व्हायचंय."

"बाबांचं आयुष्य दारुडा म्हणून गेलं, खरं कुणाला कळलंच नाही," ती म्हणाली. "पोरीला मी कालच सगळं सांगितलंय. तपासून घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. आणि ज्यांच्यापासून हे लपवावं लागेल असलं सासर तिला नकोच." भावानं स्वतःची तपासणी करायचा विषय काढला नाही, तिनंही आग्रह धरला नाही.

सोमवारी ती हॉलवर गेली. आई ऐकेना, तीही आली आणि सिमेंटच्या रिकाम्या घमेल्यावर बसली. गुण्याबाईनं मुकादमाला कागद दिला नाही. ती सरळ सांध्यावर जाऊन उभी राहिली. "बघा सगळ्यांनी."

ती चालली. दुसऱ्या पावलाला डावीकडे गेली, चौथ्याला खांब धरला, सहाव्याला गुडघ्यावर आली. कुणी तरी पुढे धावलं, तिनं त्याला हातानंच थांबवलं. उठून उरलेली चारही पावलं टाकली, एकही सांध्यावर पडलं नाही. कुणी हसलं नाही.

"ही दारू नाही," ती म्हणाली. जीभ जड होती, म्हणून तिनं मुद्दाम सावकाश, शब्द सुटा करून सांगितलं. "आजार आहे. रक्तातून आलाय. माझा लहान मेंदू झिजतोय, माझ्या लाद्या नाही. परांचीवर मी चढणार नाही, कटरला हात लावणार नाही, ते दुसरा कुणी करेल. आता तुमची पातळी आणा आणि माझं काम बघा."

मुकादमानं पातळी आणली. लांब पट्टी नक्षीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली. काचेतला बुडबुडा प्रत्येक वेळी दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. वाकून वाकून म्हाताऱ्याची कंबर धरली, पण चूक काही सापडेना.

"लाग कामाला," तो पुटपुटला.

"अजून एक राहिलंय. माझे वडील पीत नव्हते. तुम्ही त्यांना अशाच रेषेवरून हाकललंत. म्हणा."

"झाली त्याला एकोणतीस वर्षं, पोरी."

"म्हणा, मुकादम."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, सवयच होती त्यांना बघायची. "तो पीत नव्हता," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मोठ्यानं."

"तो पीत नव्हता." या वेळी हॉलच्या दारापर्यंत ऐकू गेलं.

घमेल्यावरून आई उठली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. "ह्यांनी कधी थेंब घेतला नाही," ती म्हणाली, मुकादमापेक्षाही मोठ्या आवाजात. "अकरा वर्षं रोज मी ह्यांचं तोंड हुंगलं. रोज ते म्हणायचे, घेतलेली नाही. मी एकदाही हो म्हटलं नाही." आणि ती तिथंच, सगळ्यांदेखत, पदर तोंडाला न लावता रडली.

गुण्याबाईनं तिला पुन्हा घमेल्यावर बसवलं. खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. आईनं ती तोंडात टाकली. मग गुण्याबाई नक्षीच्या कडेला मांडी घालून बसली, थरथरता कोपर गुडघ्यावर नीट टेकवला आणि म्हणाली, "काळी द्या."