प्रस्तावना शेवटी छापलेलं पुस्तक

पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना कुणाकडून घ्यावी, याचा सल्ला नव्या लेखकाला सगळेच देतात. ती लिहिणाऱ्याला आधी काय सांगावं, हे कुणी सांगत नाही. मला ते सिंगापूरच्या यिशुन भागात, एका मित्राच्या जेवणाच्या टेबलावर कळलं.

मित्र चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत इंजिनिअर. सिंगापूरमधल्या सुरुवातीच्या वर्षांवर त्याने मराठीत पुस्तक लिहिलं होतं. तेव्हा तो आणि पुण्याचाच एक रूममेट एका खोलीत राहत. एक दिवस रूममेट न सांगता निघून गेला. का गेला, हे शेवटच्या प्रकरणात उलगडतं. तोवर वाचक अंदाज बांधत राहतो. पुस्तकाचा जीव त्यातच होता. मी वर्तमानपत्रात संपादन केलेलं, म्हणून मुद्रितं तपासायला त्याने मला बोलावलं होतं.

पुण्याच्या प्रकाशकांनी प्रस्तावना मागितली. मित्राने कॉलेजातल्या सरांना सगळं हस्तलिखित पाठवलं आणि रीतीप्रमाणे लिहिलं, "सर, दोन शब्द लिहून द्यावेत." सरांनी पंधरा पानं पाठवली. भाषा सुरेख होती. रूममेट का गेला, ते दुसऱ्याच पानावर होतं.

"तेवढा परिच्छेद काढ," मी म्हटलं.

"सरांच्या लेखातला परिच्छेद मी काढू? तू काढून दाखव."

"मग त्यांना सांग."

"पहिल्या वर्षी त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. अजून त्यांचा फोन आला की मी उभा राहतो."

स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली, "खरंय. परवा एमआरटीच्या गाडीत कधी नव्हे ती बसायला जागा मिळाली. सरांचा फोन आला, हा उठला. जागा गेली."

मला वेगळाच प्रश्न पडला होता. प्रस्तावना वाचतं कोण? मी बहुतेक वेळा सोडून देतो, पण माझ्यावरून सगळ्यांचं ठरवता येत नव्हतं. प्रकाशकांकडच्या संपादिकेला फोन केला.

"दुकानात उभं राहून लोक तीच चाळतात," त्या म्हणाल्या. "नव्या लेखकाला दुसरी ओळख काय असते? पण त्यात काय उघड करायचं नाही, हे आधी कळवायचं असतं हो. लेखक कळवत नाहीत. त्यांना तो उद्धटपणा वाटतो."

वर्तमानपत्रात लेख मागवतानाच विषय आणि शब्दमर्यादा सांगतात. त्यात कुणाला अपमान वाटल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र ते सांगण्याची वेळ टळून गेली होती.

आम्ही दोन प्रती काढल्या. प्रस्तावनेसह एक, विद्यापीठात संशोधन करणाऱ्या ओळखीच्या मुलीला दिली. प्रस्तावनेशिवाय दुसरी, नोव्हेना भागातल्या एका डॉक्टरांना. दोन वाचकांवरून काही सिद्ध होत नाही. तरी बघायचं होतं.

डॉक्टरांचा मेसेज निम्म्यावर असतानाच आला. रूममेटचं लग्न ठरलं असणार, असा त्यांचा तर्क होता. पुढे, 'बरोबर असेल तरी सांगू नका.' मुलीने पूर्ण वाचून कळवलं, 'छान आहे. पण रूममेटवर एवढी पानं कशाला?'

मित्राने तिचा मेसेज पुन्हा वाचला. मग सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"सर, आपला लेख पुस्तकाच्या शेवटी छापावा म्हणतो."

"प्रस्तावना, आणि शेवटी? तिथे ती वाचणार कोण?"

"पुस्तक वाचून संपवलेला माणूस, सर."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार," सर म्हणाले.

"हो, सर."

"मग मी फारच हात राखून लिहिलंय. छापू नकोस इतक्यात. दुरुस्त करून पाठवतो."

दुरुस्त लेख आला तो आधीपेक्षा लांब होता. वाचकाला पुस्तकाची ओळख करून देण्याचा भाग गेला होता. रूममेट का गेला, हे पुस्तकात आहेच, असं सरांनी म्हटलं होतं. पण तो न सांगता का गेला, हे लेखकाने विचारलेलंच नाही. खोलीत दोघं रोज काय बोलत आणि काय बोलत नसत, हे त्यांनी पुस्तकातल्याच प्रसंगांवरून दाखवलं होतं.

मित्राने लेख शेवटपर्यंत वाचला.

"हे मला सुचलंच नाही," तो म्हणाला.

"पुस्तक बदलणार?"

"नाही. तेव्हा जे माहीत नव्हतं, ते नव्हतं." त्याने संपादिकेला लिहिलं, की सरांचा लेख शेवटी घ्यावा आणि त्यातलं काही कापू नये.