तारांमधली भणभण

राघो भोईर मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात वायरमन होता. घरातली आधीची माणसं मिठागरावर राबली. राघो पगारावर लागला म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. कौतुक ओसरलं, रातपाळ्या राहिल्या. सकाळी घरी येऊन दोन घास खायचा आणि बाजेवर पडायचा. अंग आंबलेलं असायचं, पण झोप यायची नाही.

त्याची बायको सगुणा. तिचा धाकटा भाऊ काळुराम कल्याणला लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि त्याला गिटारचं वेड होतं. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून सरकवायचा, उजव्या हातानं छेडायची, अशी ती हवाईयन गिटार. पण लग्नाच्या मांडवात तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नसे.

"भावोजी, हिला लाउडस्पीकर जोडून द्या ना," काळुराम म्हणाला.

राघोला नाही म्हणायचं होतं. पण त्यानं जुन्या टेलिफोनमधलं लोहचुंबक काढलं, त्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळली आणि ते गिटारच्या तारांखाली बसवलं. बारीक तार सारखी तुटायची. सुट्टीचा दिवस त्यात जायचा.

कल्याणला अण्णा म्हणून एकजण लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. त्यांच्या दुकानात पहिल्यांदा जोडणी केली. गिटारचा आवाज आला, पण त्याच्यामागे भणभणही आली, पेटीत माश्या कोंडल्यासारखी. राघोनं वायरचं धातूचं टोक मुठीत धरलं तशी ती कमी झाली. मग त्यानं एक वायर गिटारच्या तारांना जोडली आणि ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला नेऊन बांधली. भणभण जवळजवळ गेली. काळुराम नुसता हसत बसला.

राघो हसला नाही. अण्णांचा तो ॲम्प्लिफायर स्वस्तातला होता, सांगाडा विजेपासून अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर त्यात नव्हता. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर सगळा सांगाडा जिवंत व्हायचा, म्हणजे त्यात वीज उतरायची, आणि त्याच्याबरोबर गिटारच्या तारांतही. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी राघो स्वतः जायचा, दोन वायरी लावलेल्या बल्बानं सांगाडा तपासायचा आणि मगच काळुरामला बसू द्यायचा.

त्या वर्षी गणपतीत ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळात वाजवायचं ठरलं. राघो रातपाळी करून, न झोपता तसाच गेला. दुपारी सगळं तपासलं. संध्याकाळी कुणीतरी मूर्तीमागचा दिवा लावायला प्लग काढून ठेवला. राघोनं तो उचलून परत बसवला. बल्ब पिशवीत होता. पिशवी चार पावलांवर होती. आत्ताच तर बघितलंय, असं म्हणून तो बांबूला टेकून बसला.

देवापुढे म्हणून काळुरामनं चपला काढल्या होत्या. खाली जमीन ओली होती. त्यानं तारांवर हात ठेवला आणि तो ताठ झाला. ओरडला नाही. लोकांना वाटलं, सूर शोधतोय. सूर येत नाही म्हणून राघोनं वर पाहिलं, आणि धावत जाऊन प्लग उपटला. काळुराम गिटारसकट आडवा झाला.

जीव वाचला. डाव्या हाताचा तळवा भाजला आणि पुढे दोन बोटं आखडली ती आखडलीच.

दवाखान्यात राघोनं त्याला सांगितलं, "प्लग मीच उलटा बसवला. परत तपासला नाय. डोळे मिटत होते."

काळुरामनं हाताच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरी जाऊन झोपा आता."

सगुणा ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण कामापुरतंच बोलायची. दिवाळी अशीच गेली. मग एकदा ती म्हणाली, "त्यानं गिटार खाटेखाली सारलीय. तुम्ही जाऊन या एकदा."

राघो गेला. काळुरामसमोरच त्यानं तारांपासून सांगाड्याकडे जाणारी वायर कापली, बाकीच्या जोडण्यांवर वीज अडवणारी चिकटपट्टी गुंडाळली. "आता धक्का बसणार नाय. पण भणभण येईल."

"येऊ दे," काळुराम म्हणाला.

पोलादी तुकडा आता मुठीत नीट बसत नव्हता, म्हणून त्यानं तो चामड्याच्या पट्ट्यानं हाताला बांधला. पूर्वीसारखं सफाईनं वाजायचं नाही. एका लग्नात नवऱ्याच्या मामांनी येऊन सांगितलं, "तुमचं यंत्र बिघडलंय वाटतं." काळुरामनं मान हलवली आणि वाजवत राहिला. राघो प्रत्येक कार्यक्रमात प्लगपाशी बसायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. पाळी करून यायचा, डोळे लाल, पण बसायचा.

काही वर्षांनी अण्णांनी ट्रान्सफॉर्मरवाला नवा ॲम्प्लिफायर घेतला. राघोनं तो उघडून तपासला, पुन्हा तपासला. "आता ती वायर जोडली तर चालेल. भणभण जाईल," तो म्हणाला.

"नको भावोजी. हात धजत नाय."

राघोनं आग्रह केला नाही. त्या दुपारी मोहन्यातच एक बारसं होतं. काळुराम वाजवायला बसला, राघो प्लगपाशी. दुसऱ्या गाण्याला त्याला बसल्या बसल्याच झोप लागली. गाणी संपली, पाहुणे जेवायला उठले. काळुरामनं वायरी गुंडाळल्या, गिटार पेटीत ठेवली, आणि राघो जागा होईस्तोवर तिथंच बसून राहिला.